उपाशीपोटी

यादीत बेचाळीस नावं, सगळी बीपीवाल्यांची.
वरून फोन आला: ज्यांचं रक्त जोरात धावतं
त्यांच्यात साखर आहे का, तेही बघून घ्या.
एकेचाळीस झाले.
उरल्या सायत्राबाई वलथरे, वय सत्तावन्न, धिवरटोली,
गोळी चार वर्षांपासून, एक दिवस चुकवत नाहीत.

तीनदा आल्या उपकेंद्रावर, तीनदा जेवून.
"उपाशी या म्हटलं होतं ना?"
"उपाशी पान्यात कोन उतरते व नर्सबाई?
पहाटे चारले भात खातो, मंग शिंगाड्यात.
तुमचं मशीन उठते दहाले."

खरं आहे. मशीन दहाला उठतं.

म्हणून आज मी तिला साडेतीनला उठवलं.
स्कूटीच्या उजेडात पाळीची वाट, दोन्ही बाजूंना बेशरमाची झाडं,
खाली तलाव, वेलींनी इतका झाकलेला
की पाणी आहे हे फक्त वासावरून कळावं.
चुलीवर भात अजून रटरटत होता. वेळेत पोचले.

त्यांनी बोट पुढे केलं.
तीस हंगामांच्या काट्यांनी टोचून टोचून निबर झालेलं.
पहिली सुई वाया गेली. दुसऱ्या बोटालाही रक्त येईना.
त्या हसल्या, "आमाले टोचनारा लय मोठा लागते."
मग करंगळीच्या कडेला
एक थेंब, मसुराएवढा.

मशीन पाचपासून उलटं मोजतं.
तेवढ्या वेळात माणसं काहीतरी बोलतातच.
कुणी देवाचं नाव घेतं, कुणी मुंबईतल्या मुलाचं.
सायत्राबाई म्हणाल्या,
"आता त बरं हाये बाई. आंदी पायाले काटा गेला
का रातभर ठनके.
दोन वरसं झाले, समजतच नाही.
पक्के झाले पाय माझे."

मशीन वाजलं. दोनशे चौदा.

"पाय दाखवा."
"पायाची कोनती तपासनी?"
"दाखवा न माय."

मोबाइलच्या उजेडात टाच, चिखल,
अंगठ्याखाली काळा ठिपका
आणि भोवती पांढरी, भिजून फुगलेली कातडी.
चिमट्यानं ओढला. नखाएवढा. शिंगाड्याचाच.
त्यांनी तो माझ्या तळहातावरून उचलला,
फिरवून फिरवून पाहिला,
शेजारणीच्या पायातून निघाल्यासारखा.
"हा कवाचा?"

मला काय माहीत.
चार वर्षं दर महिन्याला यांच्या दंडाला मी पट्टा बांधला,
एकशे तीस, एकशे अडतीस, चांगलं आहे म्हटलं,
आणि माझी नजर कोपराच्या खाली कधी गेलीच नाही.

भात उतू गेला. त्यांनी झाकण सरकवलं,
मग हात तसाच थांबला.
"आता खाऊ का नाही?"
"खा. पण अर्धा. आणि आज पाण्यात जायचं नाही."
"मंग शिंगाडे कोन काढते? तुमी?"

मी उत्तर दिलं नाही.
वापरलेल्या सुयांचा डबा उघडला
आणि त्या तीन सुयांबरोबर
तो काटाही आत टाकला.