बावीस अक्षरं

एम्स, आयोवा. जानेवारी. उणे एकोणीस.
शेडमध्ये शिरताना बूट बदलायचे,
आतल्या दारापाशी पुन्हा बदलायचे.
व्हर्लिन विचारतो, तुमच्या देवळात तरी
इतक्या वेळा काढता का?

आकडे आपल्याला कळत नाहीत, असं तो सांगतो.
पण जंतू टोचल्याच्या दुसऱ्या सकाळी
जाळीला नाक लावून उभा राहतो
आणि बोटानं दाखवतो: ही. ती. ती मागची,
पाण्यापर्यंत जाऊन परत फिरली ती.
चारशे सतरा तर कोपऱ्यात अशी गप्प
की तिच्या नंबरापुढे मी
पेन्सिलीनं फुली मारून ठेवली.

पाचव्या दिवशी सगळ्या उघडल्या.
बाकीच्यांच्या काळजावर पिवळट साय,
नखानं सोलून निघेल इतकी जाड.
ती जंतूंची नव्हती.
ज्याची त्याची स्वतःचीच होती,
पेटलेल्याला विझायचं कळलं नाही, त्याची.
चारशे सतराचं काळीज
धुतलेल्या जांभळासारखं.
व्हर्लिननं टोपी काढली, पुन्हा घातली.

प्लीहेचा शेंगदाण्याएवढा तुकडा
मार्चपर्यंत बर्फात होता.
मग यंत्रातून ओळी आल्या:
बावीस अक्षरं, कधी एकवीस.
काना नाही, मात्रा नाही,
चारच अक्षरं फिरून फिरून.
यांच्यापासून काही घडत नाही,
पीस नाही, नखी नाही, अंड्याचं कवचही नाही.
आरोळी ठोकत निघालेल्या लांबलचक निरोपाच्या
शेपटाला जाऊन चिकटायचं
आणि म्हणायचं, पुरे.
फार लवकर म्हटलं तर जंतू जिंकतो.
फार उशिरा म्हटलं तर साय.

लहान तोंडी मोठा घास, मी त्याला समजावत होते,
आमच्याकडे असं म्हणतात, आणि ते
रागावून म्हणतात.
तो म्हणाला, माझी आईही रागावूनच म्हणायची,
जर्मनमध्ये काहीतरी.

एका कोंबडीवरून काही सिद्ध होत नाही.
अहवालात मी तसं लिहिलंही.
हीच बावीस अक्षरं दोन आजारी कोंबड्यांतही सापडली,
थोडी कमी, थोडी उशिरा,
का ते माहीत नाही.

म्हणजे ती जगली असती?
व्हर्लिननं विचारलं, हातात पाण्याचा पाइप.
हो.
आणि मारली नसती तर हे कळलं नसतं?
हो.

त्यानं नळ सोडला. फरशीवरून
भुसा, पिसं, पांढरं पाणी
जाळीकडे वाहत गेलं.
वहीतली फुली खोडायला मी खोडरबर काढला होता.
तो तसाच खिशात ठेवला.