खालच्या काचा

नारिनच्या वरच्या अंगाला, जिथे डांबरी रस्ता
दम लागल्यासारखा थांबतो,
तिथल्या शाळेत मी सातवीला गणित शिकवते.
वर्गाच्या खिडक्या मोठ्या आहेत,
पण खालच्या अर्ध्या काचांना
पांढरा ऑइलपेंट फासलेला,
माझ्या जन्माच्याही आधी कधीतरी,
मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून.

ते आत राहिलं, असं मात्र कुणी म्हणत नव्हतं.
ते शेगडीच्या पाइपावरच्या गंजात होतं,
नुरझामालच्या वेणीत,
तास संपायला उरलेल्या एकतीस मिनिटांत.

ऑक्टोबरात मी चिठ्ठ्या वाटल्या. नावं लिहू नका म्हटलं.
या वर्गात काय हवं?
वाटलं, कॉम्प्युटर मागतील, फुटबॉल मागतील.
आलं ते असं:
दाराला तेल घाला, उशीर झाला की सगळे वळून बघतात.
मोजे वाळवायला दोरी.
‘चूक’ एवढ्या मोठ्या अक्षरात लिहू नका.
(दोन दिवस मी लाल पेन उचललं नाही.)
आणि एका चिठ्ठीवर शब्दच नव्हता.
एक चौकोन, मधोमध आडवी रेघ,
रेघेच्या वर घोड्याचे दोन कान.

एसेनबेकची असणार.
सप्टेंबर सरेपर्यंत कुरणावर असतो,
मग येतो, शेवटच्या बाकावर बसतो
आणि फळ्याकडे असा बघतो
जशी आपण परक्या गावाला जाणाऱ्या
बसची पाटी वाचतो.

शनिवारी सफाईच्या बुरूलचा-एजेंनी पातं आणलं,
मी गरम पाण्याची बादली.
रंग उकडलेल्या अंड्याच्या टरफलासारखा निघाला,
कुठे सलग, कुठे नखाएवढा, जीव खाऊन.
हेडमास्तर जपारबेक दारात उभे राहून म्हणाले,
आता शिकवून दाखवा.

सोमवारी खरंच नाही शिकवता आलं.
एक म्हातारा गाढवावरून पडला, पुन्हा चढला,
त्यात अर्धा तास गेला.
मंगळवारी तेच, म्हातारा सोडून.
बुधवारी मीच बाहेर बघत राहिले.

गुरुवारी एसेनबेकनं, हात वर न करताच, विचारलं:
ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली घोडी,
नदीपलीकडची,
किती लांब असेल?
कुणी चारशे मीटर म्हणालं, नुरझामाल नऊशे.
त्यानं हात लांब केला, अंगठा उभा धरला,
एक डोळा मिटला, मग दुसरा.
अंगठा घोडीवरून सरकून दगडावर गेला.
बाबा असं मोजतात, म्हणाला.
पण का जमतं, ते त्यांनाही ठाऊक नाही.

मला ठाऊक होतं.
अकरा वर्षं मी फळ्यावर समरूप त्रिकोण काढत आले,
एकदाही त्यात घोडी चरली नव्हती.

आता उगाच फुगवून सांगत नाही.
एसेनबेकला चाचणीत पाचपैकी तीनच पडले.
दोरीवर मोजे वाळतात, वर्गाला वास येतो.
दार करकरतंच, तेलाचे पैसे मंजूर व्हायचेत.
काही जण अजूनही छताकडे बघतात,
आणि छतात काय आहे
ते मला अजून सापडलेलं नाही.

कोपऱ्यातली एक काच मात्र आम्ही खरडली नाही.
तिच्या रंगात नाण्याएवढं भोक आहे, नखानं कोरलेलं,
बाकावर बसलेल्या पोराच्या डोळ्याइतक्या उंचीवर,
कडा जुन्या, बोटं लागून लागून काळवंडलेल्या.

काल वह्या विसरले म्हणून परत आले.
दार अर्धं उघडं.
आत जपारबेक गुडघ्यांवर बसलेले,
कल्पाक टोपी काढून बाकावर ठेवलेली,
एक डोळा मिटून दुसरा त्या भोकाला लावलेला.
बाजूला पाच काचा लख्ख उघड्या होत्या.

दार करकरेल म्हणून
मी होते तिथंच उभी राहिले.