अर्थिंग

गाडी उभी असेल तर रेडिओ शहाण्यासारखा बोलतो.
इंजिन लावलं की आतून शिट्टी निघते,
पाय दाबला की चढते, सोडला की उतरते,
जणू बोनेटखाली कुणी किटली विसरलंय.
ओविदिओ नाउएल्किर हे सगळं तोंडानं वाजवून दाखवतो,
टोपी हातात, बुटांना मेंढ्यांच्या लेंड्या.
नव्वद किलोमीटर खडी, समोरून पातागोनियाचा वारा,
आणि ही अठ्ठ्याहत्तर सालची फोर्ड.

मी म्हणते, आल्टरनेटरचा आवाज आहे हा.
तो म्हणतो, असेल. माझा निरोप खाल्ला त्यानं, नेल्दा.

काल साडेसातला, रानातल्या माणसांचे निरोप वाचतात तेव्हा,
त्याचं नाव आलं. एस्केलच्या इस्पितळातून, सुनिल्दाकडून.
तेवढ्यात चढ लागला.
वाक्य शिट्टीच्या पोटात गेलं,
बाहेर दोनच शब्द पडले: शुक्रवार, आणि नको.
शुक्रवारी ये, काळजी नको?
की शुक्रवारी येऊ नको?
इंजिन बंद का नाही केलंस, हे मी विचारलं नाही.
त्या पठारावर, या थंडीत, बंद केलेलं इंजिन
परत लागेलच, असं कोण सांगणार.

आधी एरियल उपटली. शिट्टी तशीच.
म्हणजे हवेतून येत नाही, घरातलीच आहे.
रेडिओमागची काळी वायर घट्ट, बिचारीचा दोष नाही.
मग मीटर: एक टोक रेडिओच्या पत्र्यावर,
दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला.
काटा झोपलेला हवा.
पाऊण व्होल्टवर उठून बसला.

गाडीला जमीन नसते, हे मी हाताखालच्या पोरांना शिकवते.
चार रबरांवर सगळं अधांतरी,
तिचा पत्रा हीच तिची माती.
दिव्यातून, हॉर्नातून गेलेली वीज
पत्र्यावरूनच घरी परतते,
आणि वाट अडली की मिळेल त्या दारातून घुसते.
रेडिओचं दार सगळ्यात पातळ.
आमच्या बोलीत अर्थिंगला जो शब्द, तोच पावाच्या कणकेला.
आई विचारायची, दिवसभर कसली गं कणीक मळतेस,
पाव तर दिसत नाही?

खाली शिरले. पाठीखाली पुठ्ठा, डोळ्यांत गंज.
इंजिनपासून बॉडीपर्यंत तांब्याची वेणी,
तिच्या टोकाचा बोल्ट सोडवला.
वॉशरखाली हिरवा रंग.
गुळगुळीत. कुणी खरवडलेलाच नाही.
आणि तो हिरवा मला ठाऊक,
अर्धा डबा अजून फळीवर आहे.
नऊ वर्षांपूर्वी ही गाडी मीच रंगवली,
आणि घाईत रंगावरच बोल्ट आवळला.
तेव्हा बोल्टच्या आट्यांवर भागलं.
मग नऊ हिवाळे आत शिरले.

बाहेर आले. सांगितलं.
त्यानं टोपी घातली, परत काढली.
"रंग मात्र टिकला," म्हणाला.

पत्रा चकाकेपर्यंत घासला. नवी वेणी, वर ग्रीस.
साडेसातला दोघं आत बसलो. त्यानं पाय दाबला.
इंजिन ओरडलं. रेडिओ नाही.
आल्सिदेस, पंपाचा पट्टा शनिवारच्या बसनं येतोय.
मोल्ये वस्तीवर कळवा, कुत्री व्याली, पाच पिल्लं.
एकेक अक्षर भाताच्या शितासारखं सुटं.
सुनिल्दाचं काही नाही.
कालचा निरोप काल होता.
लोकरीचे भाव सुरू झाले तसा तो म्हणाला, निघतो.
घर डावीकडे.
तो उजवीकडे वळला. आज गुरुवार.

पैसे घेतले नाहीत. तरी झोप आली नाही.
उठून जुनी वही काढली.
त्या वर्षी मी आणखी सहा गाड्या रंगवल्या होत्या:
शाळेची व्हॅन, सुईणीची रेनो,
दोन ट्रक, ज्यांचे मालक आता कुठे असतात माहीत नाही,
पाद्र्याची,
आणि एक नाव, माझ्याच अक्षरातलं, मला लागत नाही.