शिवण उलटून

मत्राहच्या मागच्या गल्लीत, जिथे बंदराचा वारा
लोबान आणि डिझेल एकाच पिशवीतून आणतो,
मी एकवीस वर्षं दिशदाशा शिवतो.
लोकांची मापं माझ्यापाशी असतात:
कुणाचा डावा खांदा बोटभर खाली,
कुणाचं पोट या ईदपासून त्या ईदपर्यंत किती सुटलं.
शिंप्यानं हे चावडीवर सांगायचं नसतं.

वहीला कसर लागली, म्हणून मापं फोनमध्ये घातली.
फुकटचं ॲप, वर कात्रीचं चित्र.
रात्री खल्फानशेटची कंबर लिहिली, बेचाळीस,
आणि सकाळपासून मला, ज्याची कंबर एकतीस,
पोट आत घेणाऱ्या पट्ट्यांच्या जाहिराती.

हसलो. मग हसू मधेच उसवलं.
टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं.

वरच्या खोलीतला मुबीन, गुहागरचा पोरगा,
म्हणाला, चाचा, ज्याचा कोड उघडा तेच घ्या.
उघडा? अरे, आपल्यात म्हणतात
झाकली मूठ सव्वा लाखाची.
मूठ झाकाच, तो म्हणाला. पण मुठीवर
जो हातमोजा चढवताय, तो शिवणारा
आतून बघायला देतो का?

हे मात्र कळलं.
बाहेरून इस्त्री कुणीही मारतं.
कपडा उलटा करा, बखिया बघा,
दोऱ्याची टोकं कापलीत की नुसती कोंबलीत.

शुक्रवारी नमाजानंतर शटर अर्धं ओढून बसलो.
टॉर्च: हिला माझे नातेवाईक कशाला हवेत?
काढली.
कीबोर्ड: मी अम्मीला काय लिहितो
ते हा कुणाच्या कानात सांगतो?
काढला.
मापांसाठी एक वही सापडली, रंगानं कळकट, कोड उघडा,
स्वतःच्या चुकांची यादीसुद्धा दारावर टांगलेली.
अशी माणसंही मला आवडतात.
दुसरी एक होती, तिच्याहून देखणी, तीही उघडी,
पण चार वर्षांत कुणी टाका घातला नव्हता.
दुकान उघडं आणि आत कारागीर नाही.
नको.

शफीकुल, आमचा काजं करणारा, चहा ढवळत म्हणाला,
तुला तरी वाचता येतो का तो कोड?
नाही येत.
सोनं तरी कुठे पारखता येतं मला?
पण भर बाजारात तराजू मांडतो त्याच्याकडून घेतो,
पडद्यामागे तोलतो त्याच्याकडून नाही.
शफीकुल गप्प झाला,
पटलं म्हणून नव्हे, चहा संपला म्हणून.

निरोपांच्या नव्या ॲपात माझं एकच नाव: रुकय्या, दाभोळ.
आधी चिडली. सगळं गाव जुन्यावर,
मी एकटीनं इथे काय भिंतीशी बोलू?
मग आली.
मुबीननं सांगून ठेवलेलं: दोघांच्या पडद्यावर साठ आकडे,
सगळे जुळले तर मधे तिसरं कुणी नाही.

साध्या फोनवर, बॅलन्स जळत असताना,
मी आकडे देऊ लागलो, कापणाऱ्याला माप देतो तसे,
पाच-पाचच्या गठ्ठ्यानं,
आणि ती पलीकडून हं, हं.
निकाहाच्या दिवशी एकदाच म्हणाली होती,
तेही मावशीनं कोपर मारल्यावर.

शेवटच्या गठ्ठ्याला अडली.
थांबा, चष्मा आणते.

कानाशी घर आलं: खुर्ची सरकली,
कोंबडीला कुणीतरी हाकललं, एक भांडं पडलं.
सुईत दोरा ओवताना धरतो तसा
मी श्वास धरून उभा.

सापडला, ती म्हणाली.
हं. सांगा पुन्हा.