तीनशे अकरा

बटाटे काढताना फावड्याला लागल्या त्या.
आधी वाटलं, उंदराची कातडी.
उजेडात धरल्या तर जाळीदार, चौकोनी पिशव्या.
आतला चहा केव्हाच मातीत उतरलेला,
बाहेरचं सगळं शाबूत.

हडर्सफील्डच्या टेकडीवरचा हा तुकडा
माझ्याआधी ऑर्मरॉडकडे होता.
माणूस जाऊन सहा वर्षं झाली,
त्याचा चहा मी अजून वेचतेय.
बादलीत टाकता टाकता मोजत गेले,
तीनशे अकराला सोडून दिलं.

रात्री ओट्यावरचा माझा खोका पाहिला.
वर प्लास्टिक, आत पुठ्ठा, पुठ्ठ्यात चंदेरी कागद,
कागदात पिशवी
आणि पिशवीत चिमूटभर चहा.
नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

ब्रॅडफर्डला मलिकच्या वखारीत सुटा आसाम मिळतो,
पाच किलोची गोणी, बेचाळीस पौंड.
एकटीला ती दोन वर्षं पुरेल
आणि दुसऱ्या वर्षी गवतासारखी लागेल.
म्हणून आजूबाजूच्या वाफ्यांना विचारलं.
ग्लेनिस किंमत ऐकायच्या आधीच हो म्हणाली.
तादेउशने दोन दिवस मागितले,
मग शेडच्या भिंतीवर खडूनं हिशेब मांडला:
कपाला दोन पेन्स आणि वर थोडं.
मर्व्हलीन म्हणाली, गोणी मला हवी,
रताळी ठेवायला.

शनिवारी वाटणी. काटा तादेउशचा,
मासे तोलायचा, आकड्याचा, खिळ्याला टांगलेला.
आधी रिकामा डबा, तो वजा, मग चहा.
ग्लेनिसच्या डब्यावर फिकट झालेली राणी.
मर्व्हलीनची बरणी धुऊनही मिरचीच्या वासाची.
माझा स्टीलचा, मिरजेहून आलेला, एका अंगाला पोचलेला.
सहाशे ग्रॅम.
"रिकामा एवढा जड?"
आहे खरा, म्हटलं. वजा कर.

तळाशी भुकटी उरली,
मोहरीहून बारीक, काजळासारखी काळी.
ग्लेनिस म्हणाली, टाकून द्या,
गाळणीतून खाली येते ही.
मी अ‍ॅप्रनचा ओचा पुढे केला.
अगं, पानं दिसायला, भुकटी प्यायला!
स्टोव्ह पेटवला. आलं ठेचलं खुरप्याच्या मुठीनं.
दूध वर आलं, खाली बसलं, परत वर आलं.
चौघं उभ्याउभ्या प्यालो, शेडच्या दारात,
कुणी फारसं बोललं नाही.
तादेउशने कप पुसून पुन्हा पुढे धरला.

चोथा बटाट्याच्या सरीत गेला.
महिन्यानं शोधू म्हटलं तर सापडला नाही.

ऑर्मरॉडची बादली मात्र दारातच आहे.
तिचं काय करायचं, कुणालाच सुचत नाही.
रविवारी एखाददुसरी भर पडते.