दुसरी लाइन

ऐरोली, सेक्टर आठ. गेल्या वर्षी
गॅसच्या पाइपासाठी रस्ता उकरला तेव्हा
जेसीबीच्या दातात फायबरची तार निघाली,
कोळंबीचा काळा धागा काढावा तशी, अलगद.
मी त्या वेळी लॅपटॉपपुढे मुलाखत देत होते.
माझा चेहरा अर्ध्या उघड्या तोंडाने गोठला
आणि ती नोकरी
बहुधा त्या तोंडामुळेच गेली.

म्हणून डोंगल आणलं.
काडेपेटीहून जरासं मोठं, पोटात एक सिमकार्ड.
मुख्य लाइन गेली की तीस सेकंदांत उभं राहतं,
परत आली की मुकाट बाजूला होतं.
यशोधन म्हणाला, बसून खातंय, महिन्याला दोनशे.
मी म्हटलं, दुसरा सिलिंडरही बसूनच असतो,
त्याला बोलतोस का कधी?

रेंज मिळे ती फक्त बाल्कनीत, खाडीकडच्या कोपऱ्यात.
मग लांब वायर आणली, आणि कुंदाताईंनी
कपड्यांच्या दोरीवर दोन चिमट्यांत ते टांगलं,
टॉवेल आणि माझ्या कुर्त्याच्या मधोमध.
भिजू नये म्हणून वर दुधाची धुतलेली पिशवी.
खाडीवरून वारा सुटला की
आमचं इंटरनेट हलायचं.

कुंदाताई म्हणजे नणंद. मुरबाडहून आल्या
मुक्ताला कावीळ झाली तेव्हा,
आठ दिवसांसाठी, एक पिशवी घेऊन.
कावीळ उतरली. मग शाळेचा रिक्षावाला सोडून गेला,
मग मला नोकरी लागली ती रात्रपाळीची,
मग यशोधनचं पुणं सुरू झालं.
पिशवी कपाटावर गेली.

परवा पहाटे फोनवर संदेश :
आपण आपल्या डेटापैकी नव्वद टक्के वापरला आहे.
कुठला डेटा?
राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं,
तर मुख्य लाइन सोमवारपासून मेलेली.
चार दिवस
मुक्ताची शिकवणी, माझे कॉल, यशोधनची मॅच,
ते सासूबाईंचं रोज रात्री अकोल्याहून
कपाळ तेवढं दाखवत बोलणं,
सगळं त्या दोरीवरच्या डबीतून येत होतं.

बाल्कनीत जाऊन हात लावला.
तव्यावरून आत्ता उतरवलेल्या भाकरीइतकं तापलेलं.
शेजारी ताई कपडे काढत होत्या,
एका हाताने गुडघा दाबून धरत.
म्हणाल्या, मलम संपलंय गं माझं, झाला महिना.
कधी त्या बाजूला गेलीस तर आण.
घाई नाही.

त्याच दुपारी केबलवाला रिझवान आला.
डक्टमध्ये शिरला, तार जोडली, दिवा हिरवा झाला.
घाम पुसत म्हणाला,
बिल्डिंगमधून बावीस तक्रारी, मॅडम,
लोकांनी माझे आईबाप काढले.
तुमचा एक फोन नाही?

आम्हाला कळलंच नाही, मी म्हटलं.

तो वायरीच्या मागोमाग नजर नेत
पार दोरीपर्यंत पोचला आणि हसला.
आतून ताईंनी विचारलं,
कोण आलंय? चहात साखर किती?
दोन चमचे, तो म्हणाला.

मी मलमाचं नाव विचारायला आत गेले.