पोहता येतं: होय / नाही

कुटबणच्या जेटीवर, बंदी उठायला चार दिवस असताना,
सोसायटीच्या खोलीत लवू कारकून
माझा फॉर्म भरत होता, एका बोटानं.
होडीचं नाव एकदाच.
खाली खलाशांच्या ओळी: नाव, वय, गाव
आणि एक चिमुकला चौकोन, पोहता येतं.
तळाशी बटण: आणखी एक माणूस जोडा.
ते बटण चाललं त्या दिवशी मी स्वतःला भजी खिलवली होती.
कितीही माणसं आणा, म्हटलं,
माझ्या रिकाम्या कंसात सगळी मावतील.

इनासनं आपलं नाव नवव्या ओळीत घातलं.
"तांडेल निमाणो चडटा," म्हणाला,
आणि चौकोनात स्वतःच्या हातानं टिचकी मारली,
माउस जरा जास्तच दाबून.

यादी छापून आली.
सोमरा मुंडा, एकोणीस, सिमडेगा. पोहता येतं: होय.
इनास फुर्ताद, एकसष्ट, बेतूल. पोहता येतं: नाही.

खोली हसली.
जाळं विणणारा दारातला म्हातारा तर खोकेपर्यंत हसला.
इनास हसला नाही.
"म्हाका पेंवपाक कळना?" त्यानं कागदालाच विचारलं.
सोमराही हसला नाही.
गेल्या ऑगस्टपर्यंत त्यानं समुद्र पाहिला नव्हता.
नावापुढच्या त्या 'होय'कडे तो
दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगावर आल्यासारखा बघत राहिला.

रात्री कुंकळ्ळीला, पंख्याखाली, मी मोजलं.
नावं नऊ. वयं नऊ. गावं नऊ.
पोहणारे पाच, आणि त्या पाचांपुढे
बाकीच्या चौघांची जागासुद्धा नाही.
न टिचकलेला चौकोन नाही म्हणत नाही.
तो निघतच नाही घरून.
मग आलेल्या पाच खुणा
रांगेत वर सरकतात, वरच्या पाचांना चिकटतात,
आणि सर्व्हर मान डोलावतो.
त्याला काय, त्याला कुठं बुडायचंय.

म्हणून प्रत्येक चौकोनामागे एक शून्य लपवलं.
खूण असेल तर ती शून्यावर बसेल,
नसेल तर शून्य तरी पोचेल, निरोप घेऊन.
रिकाम्या कंसात आकडे घातले:
नाव आठ, वय आठ, पोहणं आठ, एकाच दाव्याला.
(आठ म्हणजे नववा. यंत्र शून्यापासून मोजतं,
हे लवूला सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही.)

मग राखणीला बसले.
ओळ पूर्ण कोरी असेल तर जाऊ दे,
बटण चुकून दाबलं गेलं असेल.
अर्धी भरलेली असेल तर अडव.
वयाच्या जागी 'बरंच' लिहिलं तर अडव.
पण माथ्यावर लाल पट्टी लावून ओरडू नको,
काहीतरी चुकलंय, काहीतरी चुकलंय,
ज्या ओळीत चुकलंय तिच्याच कानाशी जा
आणि हळू सांग: सहावी ओळ, वय राहिलं.
आणि बाकीच्यांचं लिहिलेलं
पुसू नको देवासाठी.

चौथ्या दिवशी यादी बरोबर आली.
इनास: होय. त्यानं घडी घालून खिशात ठेवली.
सोमरा: नाही.
त्यानं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि श्वास सोडला.
स्क्रीनवर हिरवं: सर्व नोंदी वैध.

बर्फ चढला, डिझेल चढलं.
इनासनं खुंटीवरची जाकिटं काढली, खांद्यावर टाकत मोजली.
सात.
पुन्हा मोजली, या वेळी मोठ्यानं,
जणू कुणी शून्यापासून मोजलं असेल.
सात.

फॉर्मात जाकिटांचा रकाना नव्हता.
सोसायटीनं सांगितला नव्हता, मी विचारला नव्हता,
आणि जे विचारलंच नाही
ते तपासायचं कसं.

पहिलं त्यानं सोमराच्या गळ्यात घातलं,
पट्टा स्वतः ओढला, जरा जास्तच घट्ट.
दुसरं कुणाला, ते तो मोजत होता डोळ्यांनी.
लवू माझ्याकडे बघून म्हणाला, "आतां कितें बरोवं?"

मी बर्फाच्या ओल्या पेटीवर पोतं टाकलं
आणि लॅपटॉप उघडला.